सरकता जिना

श्रावणातल्या त्या रविवारी मी पुण्यातल्या सिव्हिल कोर्टच्या मेट्रो स्थानकावर ठरलेल्या वेळेच्या वीस मिनिटे आधी पोहोचले, आणि एरवी मला कधीच दिसले नसते ते दिसले. वनाझकडून येणारी गाडी इथे उंच पुलावर थांबते, पिंपरीकडून येणारी जमिनीच्या पोटात खोलवर थांबते, आणि या दोन्हींना लांबच लांब सरकते जिने जोडतात. एक आठवडा सोडून दर रविवारी संध्याकाळी सहा वाजता माझा मुलगा खालच्या फलाटावरून त्यातल्या एका जिन्याने एकटा वर येतो आणि मी वरच्या टोकाला उभी असते. त्याचे वडील खालीच थांबतात आणि पुढच्या गाडीने परत जातात. आम्ही दोघांनी समोरासमोर येऊ नये म्हणून ही जागा दोन्ही बाजूंच्या वकिलांच्या ई-मेलांतून ठरलेली आहे. मुलगा दहा वर्षांचा आहे. त्याचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण आमच्या कागदपत्रांत ते आधीच पुष्कळ वेळा लिहून झाले आहे.

कठड्याशी उभे राहिले की जिन्याचा पायथा दिसतो. ते दोघे तिथे उभे होते. मुलाने निळी टोपी उलटी घातली होती आणि तो दोन्ही हात हलवत, मध्येच गोलंदाजाचा आव आणून, काहीतरी सांगत होता. त्याचे वडील कमरेत वाकून हसत होते. कितीतरी वर्षांत मी त्या माणसाला असे हसताना पाहिले नव्हते. मग त्यांनी मुलाची सॅक नीट केली, पाठीवर थोपटले आणि तो जिन्यावर चढला. वळून हात करत राहिला, वडील दिसेनासे होईपर्यंत. त्यानंतर त्याने टोपी काढली, तिची घडी केली, सॅक पुढे घेऊन ती कपड्यांच्या तळाशी कोंबली, चेन लावली आणि तळहाताने केस बसवले. मग त्याने चेहऱ्यावरचे हसू आवरले. आवरले हाच शब्द मला सुचतो, कारण ते आपोआप मावळले नाही. कोणी घरी येणार असले की आपण पसारा आवरतो, तसे त्याने ते आवरले. जिना वर पोहोचायच्या आत माझ्या ओळखीचा, थोडा दमलेला, थोडा उतरलेला रविवारचा चेहरा तयार झाला होता.

मी खांबाआड सरकले आणि नुकतीच आल्यासारखी पुढे आले. "दमलास का रे?" "हो." "काय काय केलंस?" "काही नाही."

ते 'काही नाही' मी वर्षभर खरे मानत आले होते.

एवढेच नव्हे, तर मी त्याचा उपयोगही केला होता. वकीलबाईंना पाठवलेल्या एका मेलमध्ये मी लिहिले आहे की मुलगा वडिलांकडून परत येतो तेव्हा उदास आणि अबोल असतो, यावरून तिथे त्याला आनंद मिळत नसावा. त्या वाक्यात मी खोटे असे काहीच लिहिले नव्हते. जे दिसत होते तेच लिहिले होते. त्या रात्री तो झोपल्यावर मी ती मेल पुन्हा उघडून वाचली, आणि आपण ज्याला पुरावा म्हणत होतो तो एका लहान मुलाने आपल्यासाठी जिन्यावर तयार केलेला चेहरा होता, हे समजल्यावर बराच वेळ मला जागेवरून उठता आले नाही.

आमच्या गावच्या सातबाऱ्यावर माझ्या वडिलांच्या नावापुढे बरीच वर्षे 'अ. पा. क.' अशी तीन अक्षरे आणि त्यापुढे माझ्या आजीचे नाव होते. आजोबा गेले तेव्हा वडील सात वर्षांचे होते. अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, आणि यातले अज्ञान म्हणजे अल्पवयीन, हे त्यांनी मला लहानपणी समजावून सांगितले होते, आणि सरकारच्या लेखी आपण कधीकाळी अज्ञान होतो याचे त्यांना मोठेपणी हसू येई. २०१९च्या पावसाळ्यात वकीलबाईंच्या टेबलावर मला माझ्या मुलाच्या नावामागे तोच शब्द दिसला. त्याच्या खालच्या ओळीत आणखी एक शब्द होता, ताबा. जमिनीचा ताबा, फ्लॅटचा ताबा आणि मुलाचा ताबा, तिन्हींना आपल्याकडे एकच शब्द चालतो. मुले ही आईबापांची मालमत्ता नव्हेत आणि त्यांची खेळणीही नव्हेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालीच म्हटले आहे, हे वकीलबाईंनी मला पहिल्याच भेटीत सांगितले. मी मान डोलावली. पण जिना उतरताना माझ्या डोक्यात एकच प्रश्न घोळत होता: ताबा मिळेल ना?

त्या वेळी तो पाच वर्षे आणि चार महिन्यांचा होता. हे चार महिने मला किती छळत होते ते आज सांगूनही कोणाला पटणार नाही. १९५६च्या हिंदू पालकत्वाच्या कायद्यात पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा असे लिहिले आहे, आणि त्याच कलमात नैसर्गिक पालक म्हणून आधी वडिलांचे नाव आहे व त्यांच्यानंतर आईचे. मी बँकेत नोकरी करते. रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांच्या अर्जावर मुलाची पालक म्हणून आईची सही चालेल की नाही, यावरून एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते आणि १९९९ साली 'नंतर' या शब्दाचा अर्थ वडिलांच्या मृत्यूनंतर एवढाच नसून त्यांच्या अनुपस्थितीत असाही घ्यावा असा निकाल लागला, हे मला नोकरीमुळे ठाऊक होते. तरीही समोरच्या बाजूच्या उत्तराच्या पहिल्याच परिच्छेदात 'अर्जदाराचा मुलगा पाच वर्षांवरील आहे' हे वाक्य वाचून माझे हातपाय गार पडले. वकीलबाई म्हणाल्या, "अहो, वयाची ओळ एवढी मनावर घेऊ नका. १८९०च्या पालकत्वाच्या कायद्यापासून शेवटी एकच गोष्ट पाहिली जाते, मुलाचं हित." मुलाचे हित हे दोन शब्द पुढच्या दोन वर्षांत मी आमच्या दोघांच्याही शपथपत्रांत इतक्या वेळा वाचले, की त्यांच्याकडे नीट पाहायचेच राहून गेले.

खटला चालू असताना भेटी न्यायालयाच्या आवारातच होत. मुलांसाठी राखलेली एक खोली होती, भिंतीवर रंगीत प्राणी काढलेले, कोपऱ्यात तुटक्या चाकांच्या गाड्या, एका बाहुलीला हात नव्हता. शनिवारी दोन तास मी त्याला तिथे सोडत असे आणि बाहेरच्या बाकावर बसत असे. त्या बाकावर बसलेल्या बायका आणि पुरुष एकमेकांशी फारसे बोलत नसत, पण सगळ्यांचे कान दाराकडे लागलेले असत. आतून रडण्याचा आवाज आला की आम्ही सगळेच अर्धवट उठत असू आणि आपला नाही हे कळले की पुन्हा बसत असू. एक गृहस्थ दर वेळी डब्यात डाळिंबाचे दाणे सोलून आणत. त्यांची मुलगी बहुतेक वेळा त्यांच्याकडे जात नसे, आणि ते दोन तासांनी तो डबा तसाच पिशवीत ठेवून नेत. मी त्यांच्या बाजूची नव्हते. मी दाराच्या ज्या बाजूला बसले होते तिथून ते समोरच्या पक्षाचे होते. पण त्यांच्या त्या डब्याकडे बघवत नसे, आणि एकदा घरी जाताना मी मुलाला उगीचच विचारले होते, "बाबांनी आणलेलं खाल्लंस ना?" तो म्हणाला होता, "थोडं." आता वाटते, तेव्हासुद्धा त्याने सगळेच खाल्ले असेल.

मार्च २०२०मध्ये ती खोलीही बंद झाली आणि भेटी फोनच्या पडद्यावर आल्या. त्याच वर्षीच्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात म्हटले होते की मुलाला दोन्ही पालकांच्या मायेचा हक्क आहे आणि ज्याच्याकडे ताबा नाही त्या पालकाला मुलाशी शक्य तितक्या वेळा, रोज पाच-दहा मिनिटे तरी, बोलता यायला हवे. आमचे ठरले ते आठवड्यातून तीनदा, संध्याकाळी साडेसात ते सात पन्नास. ती वीस मिनिटे मी स्वयंपाकघरात भांडी घासत काढत असे, आणि नळ मात्र बारीक सोडलेला असे, म्हणजे ऐकू यावे. पलीकडून प्रश्न येत: "आई घरी असते का? कोण कोण येतं? तुला कोण जेवू घालतं?" मग मुलगा माझ्याकडे पाही आणि मी पाठ करून उभी राही. पलीकडून हे संभाषण रेकॉर्ड होत आहे हे मला ठाऊक होते. मुलालाही ते ठाऊक असावे, कारण सहा वर्षांचा तो पोर हळूहळू इतक्या जपून उत्तरे देऊ लागला की ऐकताना माझ्या पोटात कालवाकालव होई.

२०२१मध्ये आम्ही परस्पर संमतीवर आलो. त्याआधी न्यायाधीशांनी त्याला एकदा दालनात बोलावून घेतले होते. मूल समजत्या वयाचे असेल तर त्याची इच्छा विचारात घेता येते, म्हणून. तो सात वर्षांचा होता. बाहेर आला तेव्हा आम्ही दोघे मार्गिकेच्या दोन टोकांना उभे होतो आणि तो मध्येच थांबला. कोणाच्या दिशेने आधी जायचे, याचा विचार करत तो क्षणभर तसाच उभा राहिला आणि शेवटी समुपदेशक मॅडमचा हात धरून पाणी प्यायला निघून गेला. आत काय विचारले ते त्याने आजतागायत सांगितलेले नाही. "शाळेचं विचारलं" एवढेच म्हणतो. त्याने ते सांगू नये असेच मला आता वाटते, पण तेव्हा मी त्याला तीन वेगवेगळ्या प्रकारांनी विचारून पाहिले होते.

संमतीच्या अटी वाचताना सगळे स्वच्छ वाटले होते. मुलगा आईकडे राहील, एक आठवडा सोडून शनिवारी अकरा ते रविवारी सहा वडिलांकडे, शाळेच्या फीचा खर्च निम्मा निम्मा, गणपतीचा पहिला दिवस वडिलांच्या घरी, दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीचा अर्धा भाग वडिलांकडे. कोणता अर्धा, हे कोणीच लिहिले नाही. ज्यांच्यात बोलणे उरले आहे अशा माणसांना ते लिहावे लागत नाही, आणि आमच्यात बोलणे उरलेले नव्हते हे सही करणाऱ्या प्रत्येकाला दिसत होते. आता कोणी ओळखीचे या वाटेने निघाले की मी त्यांना इतर काही सांगत नाही, एवढेच सांगते की अट लिहिताना भांडण डोळ्यांसमोर आणा: सुट्टी शाळेच्या शेवटच्या दिवशी किती वाजता सुरू होते, मूल कोण आणून सोडणार, ताप आला तर कोणाच्या सांगण्यावर भेट पुढे जाणार आणि ती भरून कधी मिळणार, शनिवारी शाळेचा कार्यक्रम आला तर काय, निरोप कशावर द्यायचा आणि किती तास आधी. लिहिताना हे फार क्षुद्र वाटते. पण या क्षुद्र गोष्टींतली प्रत्येक गोष्ट लिहायची राहिली की ती पुढे मुलाच्या तोंडून विचारली जाते. "बाबांनी विचारलंय, मे महिन्यात मी आधी जाऊ की नंतर?" हा प्रश्न त्याने मला आठव्या वर्षी, दप्तर पाठीवर असतानाच विचारला होता.

२०२२च्या दिवाळीत तो लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी परत यायचा होता. आला नाही. फोन लागला नाही. रात्री साडेनऊला एक मेल आली की सुट्टीचा अर्धा भाग मोजता तो भाऊबीजेनंतर दोन दिवसांनी संपतो. माझ्या भावाची मुलगी दुसऱ्या दिवशी त्याला ओवाळायला येणार होती, तिने स्वतः रंगवलेले ताट तयार ठेवले होते. मी आदेशाची प्रत घेऊन पोलीस चौकीत गेले. तिथल्या हवालदारांनी ती प्रत सभ्यपणे उलटसुलट पाहिली आणि सांगितले, "ताई, मूल वडिलांकडंच हाय ना? मग हे कोर्टाचं काम. कोर्टातनं आणा." न्यायालयाला दिवाळीची सुट्टी होती. वकीलबाई गावी गेल्या होत्या. बाहेर फटाक्यांचा धूर साचला होता आणि मी ती प्रत छातीशी धरून रस्त्याच्या कडेला उभी होते. मुलगा सुरक्षित आहे, आजीच्या कुशीत झोपला असेल, हे मला पुरते कळत होते, आणि तरीही त्याला कोणीतरी पळवून नेले आहे अशीच भीती अंगभर भरून राहिली होती. तो परत आला तेव्हा त्याच्या कपड्यांना भुईनळ्यांचा वास येत होता आणि हाताला मेंदी होती. "आज्जीने काढली," म्हणाला, आणि माझा चेहरा पाहून त्याने मूठ मिटली.

त्यानंतर मी वह्या ठेवू लागले. तारीख, वेळ, किती मिनिटे उशीर, कोणता मेल, कोणते वाक्य. पलीकडून मध्यरात्री एक-एक वाजता मेल येत. मुलाची नखे वाढली आहेत, फोटो सोबत. मुलाच्या वहीत तीन चुका तपासल्या नाहीत, फोटो सोबत. आई मुलाला माझ्याविरुद्ध भडकवते, उत्तर द्यावे अन्यथा अर्ज दाखल करू. एक महिना असा गेला की दोन अर्ज आणि एक नोटीस आली, आणि बँकेतून तीन रजा टाकून मी बोर्डावर लागलेल्या आमच्या क्रमांकाचा पुकारा होण्याची वाट पाहत बसले. वह्या ठेवणे चूक होते असे मी म्हणणार नाही. अर्जाला उत्तर देताना त्याच कामी आल्या. पण गेल्या वर्षी कपाट आवरताना मी त्या तिन्ही सलग वाचल्या. मुलाचा वरचा सुळा पडल्याची नोंद त्यात आहे, आणि ती अशी आहे: 'रविवार. दात पडल्याचे कळवले नाही.' दात कसा पडला, त्याला रडू आले का, त्याने तो कुठे ठेवला, यातले काही तिथे नाही. त्याच्या आठव्या आणि नवव्या वर्षाच्या माझ्या हातच्या नोंदी एवढ्याच आहेत आणि त्यांत तो जवळजवळ नाहीच.

मीही एकदा केले. ते इथे लिहिल्याशिवाय बाकीचे लिहिण्याचा मला अधिकार नाही. त्या दिवाळीनंतरच्याच शनिवारी त्याला नव्व्याण्णव पॉईंट चार ताप होता. शाळा असती तर मी त्याला शाळेत पाठवले असते. मी डॉक्टरांकडून विश्रांतीची चिठ्ठी घेतली, तिचा फोटो काढला आणि सकाळी दहाला, निघायच्या तासभर आधी, मेल केली. मुलाची सॅक दाराशी भरून तयार होती. तो ती पाठीला लावून बसला होता आणि मी सांगितल्यावरही त्याने ती लगेच काढली नाही. "मला बरं वाटतंय," एवढेच म्हणाला. दुपारी तो गॅलरीत बसून चित्र काढत होता, कपाळ गार लागत होते. मला तेव्हा जे वाटले ते समाधान होते. दुखवणाऱ्याला दुखवल्याचे समाधान. ते मी ओळखले आणि तरीही दिवसभर उराशी बाळगले.

विधी आयोगाने २०१५ साली आपल्या २५७व्या अहवालात सुचवले होते की योग्य त्या प्रकरणांत संयुक्त ताब्याचा पर्याय असावा, दोन्ही पालकांनी मुलाच्या वाढीत खरा वाटा उचलावा. तो अहवाल मी चाळला तेव्हा मनात आले, ज्या माणसाशी एका सॅकबद्दल बोलता येत नाही त्याच्याशी संयुक्त काय करणार? आजही माझे मत फारसे बदललेले नाही. जिथे एकजण प्रत्येक निरोपाला हत्यार बनवतो तिथे अंतर हवे, लेखी नियम हवेत, आणि मध्ये एखादा सरकता जिना हवा. पण अंतर आम्हा दोघांच्यात हवे आहे, त्याच्यात आणि वडिलांच्यात नव्हे, आणि ही दोन अंतरे मी वर्षानुवर्षे एकच समजत आले.

कारण तो माणूस माझ्याशी जसा वागला तसा मुलाशी वागत नाही. हे लिहायला मला फार वेळ लागला आहे. पहाटे पाचला उठवून तो त्याला सिंहगडावर नेतो. पायथ्यापासून वरपर्यंत चढताना दम कुठे लागतो, मडक्यातले दही कोणाकडे चांगले मिळते, हे मुलाला पाठ आहे. मला ते कसे कळले? तो मला सांगत नाही. शेजारच्या मुलाला जिन्यात सांगत होता, मी दाराआडून ऐकले. मला त्याच्या बुटांना लागलेली लाल माती दिसते आणि मी ती ब्रशने घासून काढते.

आणि डबा. पहिल्यांदा मुक्कामाला गेला तेव्हापासून त्याची तिकडची आजी सॅकमध्ये स्टीलचा एक चपटा डबा देते. झाकणावर माझ्या सासऱ्यांचे नाव कोरलेले आहे. लग्नानंतर पहिल्या संक्रांतीला याच डब्यातून मी माहेरी तिळाच्या वड्या नेल्या होत्या. आपल्याकडे कोणाचा डबा रिकामा परत पाठवत नाहीत, मूठभर साखर तरी घालतात. माझ्या आईने हे मला शिकवले, आणि मी तो डबा तीन वर्षे स्वच्छ घासून, पुसून, रिकामा परत पाठवला. त्या बाईंनी एकदाही मुलाजवळ त्याबद्दल शब्द काढला नसावा. पुढच्या वेळी डबा पुन्हा भरून येई: साटोऱ्या, बेसनाच्या वड्या, श्रावणात ओल्या नारळाच्या वड्या. मुलगा त्या माझ्यासमोर खात नसे. डबा ओट्यावर ठेवून तो खोलीत जाई, आणि दोन-तीन दिवसांत तो आपोआप रिकामा होई.

त्याला हे कोणी शिकवले, याचा शोध मी त्या श्रावणातल्या रविवारनंतर घेत राहिले आणि फार लांब जावे लागले नाही. तो साडेआठ वर्षांचा असताना रिमोटवर चालणारी एक मोठी गाडी घेऊन आला होता. जमिनीवर बसून तो ती माझ्या पायांपर्यंत आणत होता आणि मागे नेत होता. त्या महिन्यात फीचा निम्मा हिस्सा आलेला नव्हता. मी भाजी चिरत म्हणाले, "गाड्यांना पैसे असतात, फीला तेवढे नसतात." त्याच्याशी बोललेच नव्हते मी, विळीशी बोलल्यासारखे बोलले होते. गाडी थांबली. त्याने ती खोक्यात ठेवली, खोक्याला त्याच्या त्या चिकटपट्ट्या पुन्हा लावल्या आणि पुढच्या खेपेला ती परत नेली. त्यानंतर त्या घरातली एकही वस्तू आमच्या घरी आली नाही. मला वाटले होते, समोरच्या माणसाने देणे बंद केले असेल. वहीत तशी नोंदही सापडते.

समुपदेशक मॅडमनी मला फार पूर्वी सांगितले होते, मूल आले की अर्धा तास काही विचारू नका, आधी खायला द्या. आणि मेलला दिवसातून एकदाच उत्तर द्या, फक्त मुलापुरते, चार ओळींत. दुसरी गोष्ट मी शिकले, आणि तिच्यामुळे माझ्या रात्री पुष्कळ शांत झाल्या. मेल अजूनही येतात. मागच्याच आठवड्यात त्याच्या चष्म्याच्या फ्रेमवरून एक लांबलचक आली. मी डॉक्टरांच्या कागदाचा फोटो आणि तीन ओळी पाठवल्या. पण पहिली गोष्ट मी अर्धीच पाळली होती. तोंडाने विचारत नव्हते आणि चेहऱ्याने रोखून पाहत होते, जिन्याच्या टोकाला उभी राहून, तो वर येताना प्रत्येक पायरीला.

पुढच्या खेपेला, पिठोरी अमावास्येच्या आदल्या रविवारी, मी त्याला आधीच सांगून ठेवले की मी खाली येणार नाही, वरच्या वनाझच्या फलाटावर शेवटच्या बाकावर बसेन, तू ये सावकाश. तो म्हणाला, "उशीर झाला तर?" मी म्हटले, "गाड्या खूप आहेत." सहा वाजता मी बाकावर बसले होते, पाठ जिन्याकडे करून. वारा सुटला होता, नदीकडून ओल्या गवताचा वास येत होता. सहा पाच झाले, सहा दहा झाले. हात मोबाइलकडे गेला आणि मी तो मांडीखाली दाबून धरला. पाठीमागे पावले वाजली तेव्हाही मी वळले नाही. तो शेजारी येऊन बसला. टोपी डोक्यावर नव्हती, पण सॅकमध्येही नव्हती. त्याने ती गुडघ्यांवर ठेवली होती आणि तिची कड बोटांनी दुमडत होता. मी टोपीकडे पाहिले नाही. गाडी आली, आम्ही चढलो, खिडकीशी जागा मिळाली. संभाजी उद्यान मागे पडले तेव्हा तो मुठेच्या पाण्याकडे बघत म्हणाला, "आज्जीला डबा गणपतीच्या आधी परत हवाय. मोदक भरून द्यायचे आहेत तिला."

"बरं," मी म्हटले. मग थोड्या वेळाने म्हटले, "रिकामा नको द्यायला. काय घालू या त्यात? रव्याचे लाडू करू?"

तो माझ्याकडे वळला. माझा चेहरा त्याने नीट पाहून घेतला, मग जरा थांबून म्हणाला, "लाडू नको. लाडू आज्जीचेच जास्त छान असतात."

"मग शंकरपाळे?"

"चालतील," तो म्हणाला. नळस्टॉप गेले, आयडियल कॉलनी गेली. टोपी त्याने डोक्यावर घातली, काचेत पाहून उलटी केली आणि विचारले, "पण तिला कडक आवडत नाहीत. मऊ करता येतात का?"